मत आयतं नव्हतं मिळालं: हिराबाई आणि मिठन टाटांची १९१९ ची लंडनवारी

दर आठ मार्चला आणि प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर एक फॉरवर्ड हमखास येतो. स्वित्झर्लंडसारख्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडलं, आणि आपल्याकडे मात्र घटनेनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सरसकट मत देऊन टाकलं, बायकांना साधं मागावंसुद्धा लागलं नाही, आहे की नाही अभिमान, वगैरे वगैरे. यातलं स्वित्झर्लंडचं खरं आहे. मागावं लागलं नाही हे मात्र साफ खोटं, आणि मीसुद्धा ते बरीच वर्षं खरं धरून चालले होते, कारण डोक्यात एका बाजूला इंग्लंडच्या सफ्रजेट्स (मतासाठी लढणाऱ्या बायका) आणि दुसऱ्या बाजूला थेट २६ जानेवारी १९५०, मधली तीसेक वर्षं गायब.

त्या गायब वर्षांतलं एकच प्रकरण इथे उलगडून लिहितेय. मुंबईच्या दोन पारशी बायका, आई आणि मुलगी. परिस्थिती अशी, की सरकारी कमिटीनं "बायकांना मत इतक्यात नको" असा शेरा मारून ठेवलाय, भारतातल्या राजकीय सुधारणांचं बिल लंडनच्या पार्लमेंटात पोचलंय, हातात फार तर काही महिने, आणि ज्या सभागृहाला पटवायचं त्याच्या निवडणुकीशी तुमचा काडीचा संबंध नाही, म्हणजे तिथला एकही खासदार तुमच्या मताला घाबरत नाही कारण मतच नाहीये. अशा वेळी माणूस नेमकं काय करू शकतो, हा या प्रकरणाचा प्रश्न.

आधी माणसं. हिराबाईंचा जन्म १८७९ चा. सोळाव्या वर्षी लग्न. आडनाव टाटा बघून लगेच बॉम्बे हाऊस डोळ्यासमोर आणू नका, नवरा अर्देशीर कापड गिरणीत नोकरीला होता, नोकरीपायी बिऱ्हाड फिरत फिरत अहमदाबादला गेलं आणि मग मुंबईत स्थिरावलं. अर्देशीर त्या काळाच्या मानानं वेगळाच म्हणायचा, लग्न होऊन आलेल्या बायकोला पुढे शिकवण्यासाठी त्यानं मास्तर लावले. १८९८ मध्ये मिठन झाली. हिराबाई पुढे थिऑसॉफी या आध्यात्मिक पंथाकडे ओढल्या गेल्या, त्यातून ॲनी बेझंट वगैरे मंडळींशी ओळख, आणि इथवर ही गोष्ट त्या काळच्या कुठल्याही सुखवस्तू, शिकलेल्या पारशी घरात शोभण्यासारखी आहे.

मग १९११. मायलेकी काश्मीरला फिरायला गेल्या होत्या. श्रीनगरमध्ये त्यांना एक बाई भेटल्या, कपड्यावर छोटासा बिल्ला, त्यावर "व्होट्स फॉर विमेन". या बाई म्हणजे सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांची नात, व्हिक्टोरिया राणीची मानसकन्या, हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात राणीच्या मेहेरबानीनं मिळालेल्या घरात राहायची आणि त्याच राजवाड्याच्या दारात उभी राहून सफ्रजेट्सचा पेपर विकायची. नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनमध्ये पार्लमेंटवर निघालेल्या ज्या मोर्चाला पोलिसांनी बेदम बडवलं, त्यात सोफिया पुढच्या रांगेत होती. मत नाही तर टॅक्सही नाही म्हणून सरकारशी भांडायची. आता अशी बाई सुट्टीत समोर येते आणि तेरा वर्षांची मिठन विचारते की हा बिल्ला कसला. पुढचं सगळं त्या बिल्ल्यापासून सुरू झालं असं मिठननं नंतर सांगितलंय. मला यातली गंमत वेगळीच वाटते, लाहोरच्या गादीची वारस इंग्लंडमध्ये वाढून, तिथल्या बायकांचं आंदोलन अंगावर लावून, मुंबईच्या बायकांना काश्मीरमध्ये भेटते! चळवळ कुठून कुठे गेली याचा सरळ नकाशा काढायला जाल तर पेन्सिल मोडेल.

१९१७ मध्ये मद्रासला अड्यारमध्ये विमेन्स इंडियन असोसिएशन निघाली. मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास, ॲनी बेझंट ही त्यातली पुढची नावं, आणि हिराबाई सुरुवातीपासून त्यात, पुढे मुंबईचं काम बघणाऱ्या. कझिन्स आयरिश, आयर्लंडमध्ये मताच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू भारतात आले, पुढच्या राजकीय सुधारणा ठरवायला, आणि जो तो शिष्टमंडळ घेऊन त्यांच्यासमोर जायला लागला. बायकांनीही वेळ मागितली, मुद्दा मुख्यतः मुलींच्या शिक्षणाचा होता. उत्तर आलं की साहेब फक्त राजकीय विषयावरची शिष्टमंडळं भेटतात. ठीक आहे, राजकीय तर राजकीय, म्हणून मागणीत मताचा हक्क घातला. म्हणजे भारतातल्या बायकांच्या मताची पहिली औपचारिक मागणी काही अंशी एका कारकुनी उत्तरामुळे तशी लिहिली गेली, हे वाचून मी जरा वेळ हसतच होते.

डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ भेटलं. त्यात मुंबईच्या डॉक्टर जोशीही होत्या, पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे म्हणून ओळखल्या गेलेल्या. माँटेग्यूंच्या डायरीत या भेटीची नोंद आहे, सरोजिनीबाई हुशार आणि आकर्षक वाटल्या पण मनातून क्रांतिकारक असाव्यात, अशा थाटाची. मागणीपेक्षा मागणाऱ्या दिसतात कशा याकडे लक्ष जास्त. १९१८ च्या जुलैत माँटेग्यू-चेम्सफर्ड रिपोर्ट आला, त्यात बायकांच्या मताचा पत्ता नाही.

मग साऊथबरो कमिटी. मत कोणाला द्यायचं हे ठरवायला ही कमिटी १९१८-१९ मध्ये भारतभर फिरली. ठिकठिकाणच्या बायकांनी अर्ज केले, मधल्या काळात मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या खास अधिवेशनात बायकांच्या मताच्या बाजूनं ठरावही झाला होता. कमिटीचा निष्कर्ष तरीही तोच, समाज जुन्या वळणाचा आहे, बऱ्याच बायका पडद्यात आहेत, त्यामुळे इतक्यात नको. हे "इतक्यात नको" फार चिवट असतं. सरळ "नाही" म्हटलं तर भांडता येतं, "इतक्यात नको" म्हटलं की समोरचा समंजस ठरतो आणि तुम्ही उतावीळ.

मुंबईत बायकांची निषेध सभा झाली आणि जाईजी पेटिट यांच्या पुढाकाराखालच्या कमिटीनं ठरवलं की आपला माणूस लंडनला पाठवायचा. माणूस म्हणजे हिराबाई. सोबत मिठन, वय २१, एल्फिन्स्टन कॉलेजमधून अर्थशास्त्र घेऊन पास झालेली, त्या विषयात पहिली आल्याचं पदक मिळवलेली. सर शंकरन नायर यांचा या सगळ्याला पाठिंबा होता. हे तेच नायर ज्यांनी जालियनवाला बागेनंतर व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा राजीनामा फेकला.

आता १९१९ चं लंडन डोळ्यासमोर आणा. भारताच्या बिलावर लॉर्ड सेलबोर्न यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची जॉइंट सिलेक्ट कमिटी बसलेली, आणि साक्षी द्यायला अर्धा हिंदुस्थान तिथे लोटलेला. त्या वर्षी टिळकांची साक्ष झाली, जिना, श्रीनिवास शास्त्री, बेझंट, सरोजिनी नायडू, सगळे येऊन गेले. प्रत्येकाच्या पोतडीत स्वतःचा मोठा प्रश्न, होमरूलचा, प्रांतांच्या अधिकारांचा, राखीव मतदारसंघांचा. बेझंट आणि सरोजिनीबाई बायकांच्या मताबद्दल बोलल्या, पण त्यांना इतरही दहा गोष्टी बोलायच्या होत्या. टाटा मायलेकींकडे दुसरं काहीच नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. एकच मुद्दा, तोच रोज, जो भेटेल त्याच्यापुढे.

त्यांनी कमिटीपुढे आपलं म्हणणं मांडलं, दोघींनीही, आणि भारतमंत्र्यांच्या इंडिया ऑफिसला बायकांना मत का हवं यावर निवेदन दिलं. या बाजूचे मुद्दे आज वाचताना सगळ्यात धारदार वाटतो तो निरक्षरतेचा. बायका शिकलेल्या नाहीत म्हणून मत नको, असं म्हणणाऱ्यांना विचारायचं की पुरुषांना मत शिक्षण बघून देताय का? नाही. मालमत्ता, सारा, टॅक्स बघून देताय. अंगठा उठवणाऱ्या जमीनदाराला मत आहे. मग तीच जमीन बाईच्या नावावर असेल, तोच सारा ती भरत असेल, तर अडलं कुठे? त्या वाढीव मत मागत नव्हत्या, नियम तोच ठेवा आणि त्यातली "पुरुष" ही अट तेवढी काढा, एवढंच. पडद्याबद्दलही तसंच, सगळ्या हिंदुस्थानात पडदा नाही, मुंबई-मद्रासकडे तर फारच कमी, आणि जिथे आहे तिथे बायकांसाठी मतदानाची वेगळी सोय करा की.

शिवाय हिंदुस्थान मागासलेला असं म्हणणाऱ्या ब्रिटनची स्वतःची अवस्था काय होती? १९१८ मध्ये नुकतंच मत दिलेलं, तेही तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ उजाडलं. ऑक्सफर्डनं बायकांना डिग्री दिली १९२० मध्ये आणि केंब्रिजनं पूर्ण डिग्री दिली १९४८ मध्ये, तर आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी एकोणिसाव्या शतकातच मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या. हे सगळं बघितलं की "तुमचा समाज अजून तयार नाही" हे वाक्य कुठल्या तोंडानं म्हटलं जात होतं ते कळतं.

पण नुसत्या साक्षीवर काम होणार नाही हे हिराबाईंना लवकर उमगलं असावं, कारण पुढचं सगळं काम कमिटीच्या खोलीबाहेरचं आहे. मिलिसंट फॉसेट, शार्लट डेस्पार्ड अशा तिथल्या मताच्या चळवळीतल्या जुन्याजाणत्या बायकांच्या आणि विमेन्स फ्रीडम लीगसारख्या संघटनांच्या ओळखी काढल्या, सभा घेतल्या, एडिनबरा, ग्लासगो, लिव्हरपूल, मँचेस्टर असे दौरे केले, जिथे जातील तिथे त्या सभेनं ठराव करून इंडिया ऑफिसला पाठवायचा असा क्रम ठेवला. हिंदुस्थानातल्या चळवळीची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका काढली. आणि मुंबईला जाईजी पेटिटना पत्रं. यामागचं गणित सोपं पण पक्कं होतं. मुंबईच्या बाईला ब्रिटिश खासदार किंमत देणार नाही, पण ग्लासगोच्या बाईला आता मत आहे, तिचं पत्र आलं तर तो निदान वाचेल. स्वतःकडे नसलेला दाब दुसरीकडून उसना आणायचा.

या उसन्या दाबाची एक किंमत असते, ती सांगितली नाही तर लिखाण गोडगोड होईल. ब्रिटिश बायकांमधल्या बऱ्याच जणींना हिंदुस्थानातल्या "बिचाऱ्या भगिनी" फार प्रिय होत्या, आणि त्यांच्या वतीनं बोलायला तर त्याहून प्रिय. मुंबईहून आलेली, साडीतली, फडाफडा इंग्रजी बोलणारी अर्थशास्त्राची पदवीधर समोर उभी राहिली की ते "बिचाऱ्या" चित्र आपोआप तुटायचं. मिठनचं तिथे असणं हाच अर्धा युक्तिवाद होता. पण उलट बाजूनं बघितलं तर गिरणगावात बाराबारा तास उभ्या असणाऱ्या बायका या दोघींच्या मागणीत बसतच नव्हत्या, कारण मालमत्तेची अट तशीच राहणार होती. हा आक्षेप खरा आहे आणि तो पुसायचा माझा इरादा नाही. एवढंच म्हणेन की तेव्हा गिरणीतल्या पुरुषालाही बहुतेक ठिकाणी मत नव्हतं, आणि "पुरुष" ही अट एकदा कायद्यातून निघाली की पुढच्या भांडणात ती परत काढावी लागत नाही.

निकाल लागला तो मोठा मजेशीर. १ डिसेंबर १९१९ ला नॅन्सी ॲस्टर ही पहिली बाई हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जाऊन बसली. त्याच महिन्यात भारताचं बिल शेवटच्या टप्प्यात होतं. सरकारनं बायकांना मत दिलं नाही, पण साऊथबरोसारखं दारही लावलं नाही. म्हणाले हा तुमचा घरचा प्रश्न, प्रांतांत नवी कायदेमंडळं येतील, त्यांनी साधा ठराव करावा आणि बायकांवरची बंदी उठवावी. ढकलाढकलीच, दुसरं काय! ज्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत बायकांना मत नाही, त्याच पुरुषांनी निवडलेल्या पुरुषांनी ठरवायचं की बायकांना मत द्यायचं का. तरीसुद्धा "नाही" चं "तुमचं तुम्ही ठरवा" होणं ही हालचाल छोटी नव्हती, कारण आता लंडनला परत यायची गरज उरली नाही.

आणि तारखेचा योग बघा. २३ डिसेंबर १९१९. त्या दिवशी भारताच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली, आणि त्याच दिवशी ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका कायद्यावरही, ज्यानं बाई आहे म्हणून वकिली, ज्युरी वगैरेची दारं बंद ठेवायला मनाई केली. म्हणजे एकाच दिवशी एका कायद्यानं हिराबाईंची मागणी प्रांतांकडे टोलवली आणि दुसऱ्या कायद्यानं त्यांच्या मुलीला बॅरिस्टर व्हायची वाट मोकळी केली. मिठन लंडनला राहिली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकली, लिंकन्स इनमध्ये दाखल झाली आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर झाली. हिराबाईही तिच्यासोबत बराच काळ तिथेच होत्या.

इकडे चेंडू प्रांतांत. मद्रासनं १९२१ मध्ये बंदी उठवली, त्याच वर्षी मुंबईनं. मुंबई इलाख्यातल्या त्या वर्षीच्या खटपटीत पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानडे पुढे होत्या, तेच पुणे जिथे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणावरून नुकतीच भर सभांमध्ये हाणामारीपर्यंत वेळ आली होती, तर मताचं काय सांगावं. बंगालनं १९२१ मध्ये ठराव फेटाळला आणि १९२५ मध्ये मान्य केला. संयुक्त प्रांत १९२३, पंजाब १९२६, मध्य प्रांत १९२७, बिहार-ओडिशा १९२९. म्हणजे नागपूरच्या बाईला पुण्याच्या बाईपेक्षा सहा वर्षं उशीर, आणि निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याला तर हा कायदा लागूच नव्हता. निवडणुकीला उभं राहायची मुभा आणखी उशिरा, १९२६ मध्ये. १९३५ च्या कायद्यानंतर मतदार बायका साधारण ६० लाखांवर गेल्या. "घटनेनं आयतं दिलं" म्हणणाऱ्यांना हा हप्त्याहप्त्यानं झालेला व्यवहार दाखवावा.

मग हे सगळं विसरलं का गेलं? मला दिसतं ते असं, की या मायलेकी कुठल्याच मोठ्या गोष्टीत नीट बसत नाहीत. ब्रिटनच्या गोष्टीत मताची चळवळ १९१८ ला जवळजवळ संपते आणि नंतरच्या लंडनमध्ये फिरणाऱ्या साडीवाल्या बायका त्या फोटोत येत नाहीत. आपल्या गोष्टीत १९१९ म्हणजे रौलट आणि जालियनवाला, त्या वर्षी लंडनला जाऊन साहेबाच्या कमिटीपुढे अर्ज करणं हे पुढच्या पिढीला मवाळ, जरा लाजिरवाणंच वाटलं असणार. नंतर काँग्रेसनं प्रौढ मतदानाची मागणी लावून धरली आणि मालमत्तेवरचं मत मागणाऱ्या बायका आपोआप जुन्या पडल्या. हिराबाई तुरुंगात गेल्या नाहीत, निवडून आल्या नाहीत, मोठं काही लिहून गेल्या नाहीत. पत्रं लिहिली, सभा घेतल्या, हिशोब दिले. अशा कामाचा पुतळा होत नाही. त्या १९४१ मध्ये गेल्या, सरसकट मताचा दिवस त्यांनी बघितला नाही.

मिठनच्या वाट्याला निदान पदं आली. लग्नानंतरचं नाव मिठन लाम, १९४७ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ, १९६२ मध्ये पद्मभूषण, पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या १९३६ च्या कायद्याच्या कामातही हात. तरी आज विचारून बघा, दहा मुंबईकरांत एकाला नाव माहीत निघालं तरी खूप.

बॅरिस्टर होऊन त्या मुंबईला परतल्या तेव्हा हायकोर्टात बाई वकील हा प्रकारच नवा होता. सुरुवातीला भुलाभाई देसाईंच्या हाताखाली काम. मिठननं लिहून ठेवलंय की लायब्ररीच्या, कॉमनरूमच्या दारातून लोक डोकावून बघायचे, प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आल्यासारखं वाटायचं. पहिलं ब्रीफ, म्हणजे पहिली केस, आली तेव्हा त्यांना वाटलं असेल की चला, कोणीतरी विश्वास टाकला. सॉलिसिटरनं खरं कारण सांगितलं. अशिलाची केस इतकी भक्कम होती की ती हरण्याचा प्रश्नच नव्हता. समोरच्याला बाईकडून हरल्याची नामुष्की पत्करावी लागावी, म्हणून अशिलाला वकील मुद्दाम बाईच हवी होती.